गोळी घेतली असेल तर तसंच सांगा: डॉक्टरांपुढं खरं बोलायची तयारी

"जिन्यावरनं घसरले, सिस्टर." "काल जरा पपई खाल्ली." "एसटीत लई हादरे बसले बघा." अंगावरून जास्त जातंय म्हणून रात्री-अपरात्री आलेल्या बायकांच्या तोंडची ही ठरलेली उत्तरं. कोल्हापुरातल्या एका सरकारी प्रसूती विभागात मी निवृत्तीपर्यंत परिचारिका होते. घसरलेल्यांपैकी काही जणी खरंच घसरलेल्या असायच्या. बाकीच्यांच्या पर्समध्ये, नाहीतर मालकांच्या खिशात, गोळ्यांचं रिकामं पाकीट निघायचं. तेही दुसऱ्या दिवशी, रक्ताची बाटली लागल्यावर.

बाई खोटं का बोलते हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. खरं सांगितलं तर पोलीस येतील, डॉक्टर हाकलून देतील, सासरी कळेल. तिन्ही भीतींना थोडाफार आधार आहे, पण तिला वाटतो तेवढा नाही. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी काय ठरवायचं, आत गेल्यावर काय आणि कसं बोलायचं, हे लिहून ठेवते आहे.

आधी कायद्याचं बोलू

आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, आणि २०२१ मध्ये तो बराच सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक परिस्थितीतच: बलात्कार, अठराखालची मुलगी, गरोदरपणातच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व, मानसिक आजार, बाळात गंभीर व्यंग, आपत्तीत सापडलेली बाई. २४ च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तिथे आठवड्यांची अट आड येत नाही.

गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण कायद्याला चालतं. पूर्वी तिथे 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' असं लिहिलेलं होतं. आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आहे. म्हणजे २० आठवड्यांच्या आत लग्न झालंय का, हा प्रश्नच येत नाही. २० ते २४ मध्येही अविवाहित म्हणून बाईला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कार धरायची, हेही त्याच निकालात आहे.

तरीही एक गोष्ट मला खटकते. बाई म्हणाली आणि झालं, असं आपल्याकडे नाही. कारण सांगावं लागतं आणि ते डॉक्टरला पटावं लागतं. म्हणूनच बाया कारणं रचतात. रचू नका. निरोध फाटला, गोळी चुकली, 'सेफ दिवस' धरले होते ते चुकले, यातलं जे झालं असेल ते सांगा. तेवढं पुरतं.

फौजदारी कायद्यातही गर्भपात आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये १९७१ च्या कायद्याबाहेर केलेला गर्भपात गुन्हा धरलाय आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. बायकांच्या मनातली पोलिसांची भीती इथूनच येते. पण अठरा पूर्ण झालेल्या बाईने गोळी घेऊन रक्तस्राव झाला, म्हणून डॉक्टरने पोलिसांना कळवलंच पाहिजे असं बंधन नाही. उलट तिची ओळख बाहेर फोडली, तर या कायद्याच्या ५-ए कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संमतीचा कागद लिफाफ्यात बंद करून त्यावर 'गोपनीय' लिहायचं असतं. बाईचं नाव फक्त भरतीच्या रजिस्टरमध्ये जातं. बाकी नोंदींत अनुक्रमांक. हे सगळीकडे नीट पाळतात असं मी म्हणणार नाही. पण नियम तसा आहे, आणि काउंटरवर कुणी मोठ्याने नाव घेऊन विचारायला लागलं तर "हे गोपनीय असतं ना?" असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

कोल्हापुरात भीती जास्त का

इथे दोन कायद्यांची, एक गर्भपाताचा आणि दुसरा गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा, खिचडी झाली आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. लाज वाटावी असाच आकडा. मग सोनोग्राफी यंत्रांवर लक्ष ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवला गेला, तपासण्या झाल्या. २०११ ला आकडा ८६३ वर आला. ते काम गरजेचं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, एका बाईचा गर्भपातात जीव गेला आणि ओढ्याकाठी १९ अर्भकं सापडली. हे विसरता येत नाही.

पण गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे आणि कायद्यात बसणारा गर्भपात हा गुन्हा नाही, हा फरक लोकांच्या डोक्यातून पुसला गेला. 'मुलगी वाचवा'ची पोस्टर्स बघून बायकांनी अर्थ काढला की पिशवी धुणंच बेकायदा आहे. औषध दुकानांवरच्या कारवाया वाढल्या तशी अनेक मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्यांचं 'किट' ठेवणं सोडलं. चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईलाही "नाही, आम्ही ठेवत नाही". काही डॉक्टरही बाराव्या आठवड्यानंतर अंग काढून घेतात, कारण लिंग कळण्याच्या सुमाराची केस म्हणजे नसती चौकशी. मग गोळी कुठून येते? ओळखीच्या ओळखीतून, चिठ्ठीशिवाय, कशी घ्यायची ते न सांगता.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते असं: सोनोग्राफीच्या वेळी 'काय आहे' हे विचारायचं नाही, सूचकपणेही नाही. सोबत आलेल्यांनाही विचारू द्यायचं नाही. एवढं पाळलं की त्या दुसऱ्या कायद्याशी तुमचा संबंध येत नाही.

"सांगू नका" हा सल्ला कुठून आला

हल्ली शिकलेल्या मुली मला मोबाइल दाखवतात. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की गोळी घेतल्याचं डॉक्टरांना सांगू नका. आपोआप पडलं म्हणा, उपचार तोच असतो. हा सल्ला उगाच आलेला नाही, पण तो दुसऱ्या देशातला आहे. अमेरिकेत २४ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी आली. तिथली बाई डॉक्टरपुढे तोंड मिटते ते स्वतःला वाचवायला. लुइझियाना राज्याने तर ऑक्टोबर २०२४ पासून गर्भपाताच्या गोळ्यांतलं मिझोप्रोस्टॉल नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं. बाळंतपणानंतर रक्त थांबेना की आम्ही लेबर रूममध्ये हाताशी ठेवायचो, तीच गोळी.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात १९९८ पासून गर्भपातावर पूर्ण बंदी आहे. मॅन्युएला या नावाने ओळखली जाणारी एक गरीब बाई २००८ मध्ये रक्तस्राव होत असताना रुग्णालयात गेली. तपासणाऱ्या डॉक्टरनेच पोलिसांना कळवलं, तिला खाटेला बेड्या घातल्या, ३० वर्षांची शिक्षा झाली आणि २०१० मध्ये कॅन्सरने ती कैदेतच गेली. अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये त्या देशाला दोषी धरलं. डॉक्टरने रुग्णाची गोपनीयता मोडली हाही त्यातला मुद्दा होता. असं घडलेल्या ठिकाणी कोण खरं बोलेल?

आणि बेळगावची सविता हलप्पनवार. आपल्यापासून दोन-अडीच तासांवरचं गाव. दंतवैद्य मुलगी, आयर्लंडमध्ये संसार. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ व्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिने काही लपवलं नव्हतं, गर्भ काढा असं स्पष्ट सांगितलं. पण ठोके सुरू आहेत तोवर कायदा परवानगी देत नाही, म्हणून थांबवून ठेवलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ तारखेला ती गेली. मे २०१८ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी गर्भपाताच्या आड येणारं ते घटनेतलं कलम काढून टाकलं. आपल्याकडचे डॉक्टर अशा वेळी हात बांधून बसायला कायद्याने बांधील नाहीत, हा फरक मोठा आहे. तो वापरा.

शिवाय 'उपचार तोच असतो' हे पूर्ण खरं नाही. पिशवीत अर्धवट राहिलं असेल तर काढायचं, एवढ्यापुरतं तोच. पण सोनोग्राफी न करता गोळी घेतली असेल तर आधी नळीतला गर्भ, म्हणजे पिशवीऐवजी गर्भनळीत राहिलेला, आहे का बघावं लागतं. त्यावर ही गोळी काम करत नाही. रक्त जातंय म्हणून बाई निर्धास्त राहते आणि आत नळी फुटते. आधीचं सिझर असेल आणि दिवस जास्त असतील तर टाक्यांच्या जागी पिशवी फाटायची भीती. कुणी आतून काडी, नळी, हत्यार घातलं असेल तर डॉक्टर छिद्र पडलंय का तपासतील, धनुर्वाताचं इंजेक्शन बघतील. 'आपोआप पडलं' ऐकून यातलं बरंच राहून जातं किंवा उशिरा सुचतं. आणि गोळी घेऊनही गर्भ राहिला असेल, तर बाळात व्यंग येऊ शकतं. ते पुढे ठेवायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरला गोळीचं माहीत हवं.

जाण्याआधी घरी

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. संबंध आला तो नाही, पाळी चुकली तोही नाही. आठवडे तिथूनच मोजतात. आपल्याकडे बायकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो: "जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या दिवशी बाजूला होते." चालतं की! भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून ती तारीख काढा आणि कागदावर लिहा. लाजेने दोन आठवडे कमी सांगणाऱ्या खूप बघितल्या. सोनोग्राफीत वय दिसतंच, पण तोवर डॉक्टरचा विश्वास उडालेला असतो आणि तुमचं पुढचं खरंही खोटं वाटायला लागतं.

त्याच कागदावर रक्तगट, आधीची बाळंतपणं, सिझर, आधीचे गर्भपात, तांबी बसवली आहे का, दमा, फिट्स, रक्त पातळ करणारी गोळी, स्टिरॉइड. गोळ्या घेतल्या असतील तर पाकीट टाकून देऊ नका. पाकीट नसेल तर किती गोळ्या, तोंडाने की खालून, कोणत्या दिवशी किती वाजता. ७२ तासांच्या आत घ्यायची टीव्हीवरच्या जाहिरातीतली गोळी वेगळी आणि गर्भ पाडायची वेगळी. दोन्हीला लोक 'ती गोळी'च म्हणतात, म्हणून नाव सांगा.

कुठं जायचं? सरकारी रुग्णालयाला या कामासाठी वेगळी मान्यता लागत नाही. सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. खासगीत जाणार असाल तर गर्भपात केंद्राची मान्यता असल्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं. राजारामपुरीत पाटी बघून आत शिरण्याआधी ते भिंतीवर बघा. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीनेच.

आत्तींना (सासूबाईंना) बाहेर कसं काढायचं

हे मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगते, कारण खोटं बहुतेक इथंच जन्मतं. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे बाई, आणि तिच्या खांद्यावर सासूचा हात. डॉक्टर विचारतात, "कितवी खेप?" उत्तर सासू देते: "दुसरी." बाई मान खाली घालते. तिची ती चौथी खेप असते. एक पोटातलं माहेरी गेल्यावर काढलेलं, एक लग्नाआधीचं. पेपरवर दोनच येतात आणि सगळे हिशोब तिथून चुकतात.

समंजस डॉक्टर स्वतःच सोबतच्यांना बाहेर थांबवतात. नाही थांबवलं तर तुम्ही आत शिरतानाच म्हणा, "मॅडम, आतून तपासणार असाल तर आत्तींना बाहेर बसवा, मला अवघडल्यासारखं होतं." सासूलाही यात वावगं वाटत नाही, तपासणीला लाजणारी सून तिला आवडतेच. तेवढंही जमत नसेल तर लघवीची तपासणी मदतीला येते. डबी घेऊन सिस्टर तुम्हाला संडासापर्यंत सोडतात. त्या बोळात सांगा: "सिस्टर, मला डॉक्टरांशी एकटीशी बोलायचंय." आम्हाला पुढचं कळतं. मी कितीतरी सासवांना "आई, ही चिठ्ठी घेऊन जरा खाली मेडिकलला जाऊन या" म्हणून पाठवलंय. चिठ्ठीवर कापूस लिहिलेला असायचा.

आणखी एक उपाय: घरी लिहिलेला कागदच डॉक्टरच्या हातात द्या. तोंडाने काही बोलावं लागत नाही.

एकदा एकटं सापडलं की फार प्रस्तावना नको. असं बोला: "पाळी अमुक तारखेला आली होती. घरी पट्टीवर दोन रेघा आल्या. परवा रात्री मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेतल्या, हे पाकीट. काल दुपारपासून रक्त जातंय, आज गाठी पडल्या. सोनोग्राफी केली नव्हती. हे माझ्या घरच्यांना कळू नये." शेवटचं वाक्य विसरू नका. डॉक्टरला आपोआप कळेल असं धरून चालू नका; तो बाहेर जाऊन मालकांना "तुमच्या मिसेसनी गोळ्या खाल्ल्यात" असं सहज बोलून जातो, वाईट हेतू नसतानाही.

डॉक्टर रागावतील. बरेच रागावतात. दोन मिनिटं ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा: "आता काय करायचं?" त्या दोन मिनिटांसाठी खोटं बोलण्यात फायदा नाही.

मालकांची सही

लागत नाही. अठरा पूर्ण असतील आणि मानसिक आजार नसेल तर संमती फक्त बाईची, 'फॉर्म सी'वर. नवरा, सासरा, वडील, कुणाचीही सही कायदा मागत नाही. तरी अनेक ठिकाणी मागतात, कारण उद्या नवरा येऊन दंगा करेल ही डॉक्टरची भीती. शांतपणे म्हणा, "फॉर्म सी द्या, मी सही करते." तरीही अडवलं तर "नवऱ्याची सही नसल्यामुळे केलं नाही, असं केसपेपरवर लिहून द्या" असं म्हणा. लिहून देताना बऱ्याच जणांचं मत बदलतं. नाहीच बदललं तर भांडत दिवस घालवू नका, दुसरीकडे जा. आठवडे पुढे सरकतायत.

अठराखालच्या मुलीचं वेगळं. तिथे पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यामुळे पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. या भीतीने आया मुलीचं वय १९ सांगतात. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा तोच निकाल माहीत करून घ्यावा: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव आणि ओळख डॉक्टरने द्यायची गरज नाही. बलात्कार झाला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतंच, उपचार मात्र मोफत आणि लगेच व्हायला हवेत.

थांबायचं नाही अशा वेळा

तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतात आणि सलग दोन तास तसंच चाललंय. ताप १००.४ च्या वर जाऊन दिवसभर उतरत नाही. घाण वास येतोय. एका कुशीत कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी. यात रक्त कमी जात असलं तरी नळीचा संशय धरायचा. १०८ ला फोन. फोनवरही 'गोळी घेतली आहे' एवढं सांगा.

नंतरचं

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल तुम्हीच विचारा. ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जा, रक्त थांबलं असलं तरी. आणि पुढच्या खेपेला, ती दहा वर्षांनी का असेना, हा गर्भपात मोजून सांगा. केसपेपरवर जी, पी, ए अशी अक्षरं असतात: जी म्हणजे किती खेपा, पी म्हणजे बाळंतपणं, ए म्हणजे गर्भपात. 'ए'पुढचा आकडा खरा असू दे. पिशवी साफ करताना आत चिकटून जखम झाली असेल, वार खाली चिकटण्याचा धोका असेल, तर डॉक्टर आधीच लक्ष ठेवतील.

घरी कार्ड सापडेल ही भीती असेल तर कार्ड ठेवू नका, पण तारीख, किती आठवडे होते, काय केलं आणि अँटी-डी मिळालं की नाही, हे माहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाकडे लिहून ठेवा. नाहीतर बँकेच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर, फक्त तारीख आणि आकडे. दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागत नाही.